सगळ्यात जवळचं माणूस

प्रिय सूनबाई,

प्रिय लिहिताना हात जरा अडखळला, खोटं कशाला सांगू. फोनच करणार होते. पण फोनवर दुसऱ्याच वाक्याला माझा आवाज चढतो, मग तू ‘बरं आई’ म्हणतेस, आणि तुझं ते ‘बरं आई’ ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. म्हणून कागद घेतला. हा तरी मध्ये बोलत नाही. गुडघा बरा आहे, तू विचारलं नाहीस तरी सांगते.

तर ऐक. मी तुझ्यावर जळते. लग्नापासून थोडीफार जळतच होते, पण ते सगळ्याच सासवा जळतात तेवढं, त्यात विशेष काही नाही. खरी जळायला लागले ते हल्ल्यानंतर. त्या सभागृहात बंदुका घेऊन माणसं शिरली, आणि आपला ठोंब्या, स्टेजमागे माइकच्या वायरी जोडत बसलेला, घरी आला नाही. मदत केंद्रात आपण दोघी शेजारी शेजारी बसलो होतो, आठवतं? घरच्यांना तपासाचे निरोप द्यायला नेमलेली ती संपर्कताई, केसांत पेन्सिल खोचलेली, वाकून म्हणाली, त्यांचं सगळ्यात जवळचं माणूस कोण? मी तोंड उघडेपर्यंत तिनं तुझ्याकडे पाहिलंसुद्धा. झालं! एका घराला एकच संपर्काचा माणूस, म्हणजे निरोपांचा घोळ नको, असा त्यांचा नियम. नियम चांगला आहे, मी कुठे नाही म्हणते? पण कळा मी सोसल्या आणि निरोप तुला. तुझ्या खांद्यावर तिनं हात ठेवला. माझ्याकडे कागदी रुमालांचा डबा सरकवला.

तेव्हापासून माझ्या पोराबद्दलची प्रत्येक गोष्ट माझ्यापर्यंत तुझ्याकडून येते. तपासात काय निघालं, खटला कधी उभा राहणार, कोर्टात आपण बसायचं कुठे, सगळं आधी तुला. तू सांगत नाहीस असं नाही. सांगतेस, पण चहा गाळावा तसं गाळून, आणि चोथा स्वतःकडे ठेवतेस. मला तो चोथाच हवा असतो गं. त्यानं मागचं दार उघडून धरलं, माणसं बाहेर काढली, आणि स्वतः शेवटी राहिला, हे तुला त्या ताईनं समोर बसून, हात हातात घेऊन सांगितलं. मला तू जिन्यात सांगितलंस, चपला घालता घालता, दोन वाक्यांत. त्या दिवशी घरी जाऊन मी तुझ्या नावानं रडले, त्याच्या नाही. आता वाटतं, बसून सांगायला लागली असतीस तर तुला उठताच आलं नसतं. पण हे शहाणपण मागाहूनचं.

आणि मदत केंद्रातले ते मन मोकळं करायचे गुरुवारचे गट! जोडीदार गेलेल्यांना पुढची उन्हाची खोली, आम्हा आईबापांना मागची, करकरणाऱ्या खुर्च्यांची. आमच्यात एक निवृत्त पोस्टमन आहे, तो डुलक्या घेतो. समुपदेशक बाईंनी, आज कसं वाटतंय, असं विचारलं की दचकून म्हणतो, छान. एकदा भिंतीपलीकडून तुझं हसणं ऐकू आलं. मी ओळखलं ना. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझा मुलगा गेला आणि ही बया खिदळते! नंतर कळलं, तुम्ही बायका आपापल्या नवऱ्यांच्या घोरण्याच्या नकला करत होतात. मग मला आणखीच राग आला. त्याच्या घोरण्याबद्दल मला नको का विचारायला? शाळेत जायचा तेव्हापासून घोरतो तो. त्याच्या बापानं एकदा मांजर शिरलं म्हणून काठी घेतली होती.

माझी मजल कुठवर गेली तेही सांगते. आमच्या गटात एक शिंपीण आहे. तिची मुलगी त्या सभागृहात तिकिटं तपासायची. लग्न झालं नव्हतं पोरीचं, त्यामुळे सगळे फोन या आईलाच येतात, सगळं आधी तिला कळतं. मी तिच्याकडे बघत बसले आणि मनात आलं, नशीबवान आहे बाई. अगं, लेक गेलेल्या बाईला मी नशीबवान म्हटलं! मनातल्या मनात, पण म्हटलंच की. त्या दिवशी मला माझीच भीती वाटली.

मी फार काही मागत नव्हते. मला एकदा, एकदाच कुणीतरी त्याच्याबद्दल काहीतरी विचारावं. सांगू नका मला, विचारा. त्याच्या बाबतीतलं एक तरी उत्तर असं असावं की जे माझ्याचकडे आहे. देवानं म्हण, नशिबानं म्हण, तेवढं काही दिलं नाही, आणि तुझी ओंजळ भरलेली पाहिली की पोटात दुखायचं.

काल दुपारी दार वाजलं. बघते तर संपर्कताई. मी म्हटलं, बाई, चुकलात, सून पलीकडच्या रस्त्याला राहते. ती म्हणाली, नाही, तुमच्याचकडे आले आहे. त्या दिवशीचे त्याचे कपडे तपासवाल्यांनी मोकळे केले आहेत. ते लोक घरच्यांना आधी विचारतात, धुऊन, इस्त्री करून देऊ की आहेत तसे, डागांसकट? एकदा धुतले की धुतले. आणि तू तिला म्हणालीस म्हणे, हे मला नका विचारू, आईंना विचारा. खरं सांगते, माझ्या मेल्या मनाला आधी आनंद झाला. त्याच्या रक्ताचे कपडे, आणि मला आनंद! तू माझ्यावर ढकललंस की मला दिलंस, ते मला कळलं नाही. दिलंस असंच धरते. धुवा म्हणायला जीभ शिवशिवत होती. आयुष्यभर त्याचे डाग मीच काढले. पण मग विचार केला, त्या शर्टातून माझ्या घरचा वास कधीच गेला. आता असेल तो तुझ्या साबणाचा, तुझ्या कपाटाचा, तुझ्या शेजारी झोपणाऱ्या माणसाचा. मी धुवा म्हटलं असतं तर त्याच्याबरोबर तुलाही धुऊन काढलं असतं, आणि मला ते हवंही होतं थोडंसं. मी तिला म्हटलं, धुऊ नका, आणि मला नको, सुनेच्याच घरी द्या. म्हणून हे पत्र, पुडकं यायच्या आत. उघडशील तेव्हा मला बोलव. नाही बोलावलंस तरी मला राग येणार नाही, असं लिहिणार होते. पण येईल. फार येईल.

तुझीच,
आई