वयाचा तास राहिला

भिवंडी, मंगळवार, २१ नोव्हेंबर २००६

नववीतल्या शबानाची आई आज मिठाई घेऊन शाळेत आली. माझे आभार मानायला!

"टीचर, जवळच्या नात्यात लग्न नको, असं तुम्ही शिकवलंत ना? पोरीने घरी सांगितलं. माझ्या बहिणीच्या मुलाला साफ नाही म्हटलं. आता मालेगावला दिलीय, परक्या घरात. बकरी ईद झाली की निकाह."

"अहो, पंधरा वर्षांची आहे ती!"

"वयाचं कुठं बोललात तुम्ही?"

खरंच. वयाचा तास पुढच्या आठवड्यात ठेवला होता. मिठाईला मी हात लावला नाही. तिचा चेहरा पडला. पण मी चिडले कुणावर? मिठाई! मुलगी चाललीय आणि मिठाई!

मधल्या सुट्टीत शबाना हळूच म्हणाली, "टीचर, खाला तर दहावी होईपर्यंत थांबणार होती."

उद्या सकाळी आधी या खालाकडेच, शबानाच्या मावशीकडेच जायचं. तिच्या घरातलं स्थळ माझ्यामुळे मोडलं, दारात तरी उभं करेल का? करो न करो. बहिणीला दटावून थांबवू शकेल अशी तीच एक आहे.