माळ्यावरच्या पेटाऱ्याची किल्ली

मी, श्रीमती कुसुमबाई हरेश्वर सावे, वय वर्षे शहात्तर, धंदा वाडी आणि स्वयंपाकघर, राहणार नरपड, तालुका डहाणू, जिल्हा पालघर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते ते असे की, माझी बुद्धी ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉक्टरांनी काल दिला. त्यांनी मला वार विचारला. मी वार सांगितला, तिथी सांगितली आणि त्यांच्या कंपाउंडरने नेलेली लोणच्याची बरणी अजून परत आलेली नाही हेही सांगितलं. त्यावर त्यांनी ताबडतोब सही केली. मोडलं ते माझं खुब्याचं हाड, गेल्या चैत्रात, विहिरीपाशी पाय घसरून. डोकं शाबूत आहे.

हे मी कोणाच्या दबावाखाली लिहीत नाही. मुलाने दबाव टाकून पाहिला होता, त्याचा मजकूर पुढे येईलच.

माझी माणसं मोजकी. एकुलता एक मुलगा नविन, रोज वापीला कंपनीत जातो. त्याची बायको शितल. त्यांची मुलगी रिया, शिकायला बाहेर असते. माझे यजमान कैलासवासी हरेश्वर यांनी घर आणि वाडी हयातीतच बक्षीसपत्राने माझ्या नावे केली. "तू आहेस तोवर वाडी आहे," असं ते म्हणाले होते. तेव्हा मला ते कौतुक वाटलं, पुढे कळलं की ते काम होतं. असो. मिळकत माझी एकटीची आहे आणि तिची विल्हेवाट लावायचा पूर्ण अधिकार मला आहे.

कलम १. बँकेतली ठेव नविनला. ती किती आहे हे त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, म्हणून इथे लिहीत नाही.

कलम २. माझ्या बांगड्या आणि मोहनमाळ रियाला. मोडून मोबाईल घेऊ नये.

कलम ३. लिंबाच्या जुन्या लोणच्याची मोठी बरणी, मिठातल्या कैऱ्यांचा माठ आणि सुकवलेल्या चिकूच्या फोडींचे डबे, जे काही मी जाईन त्या दिवशी शिल्लक असेल ते, नविनला. दुकानातलं लोणचं त्याच्या घशाखाली उतरत नाही. घरचं लोणचं हवं आणि लिंबाचं झाड मात्र विकायचं, असा हा माझा लेक. बरणी संपेल तेव्हा त्याने झाडाची आठवण काढावी. ओला चमचा घातला तर मी स्वप्नात येईन.

कलम ४. वाडीच्या कोपऱ्यातली खोली आणि तिच्यामागचा भाजीचा वाफा सोमीला, ती आहे तोवर. शिवाय वाळवणाच्या खाटा, सुपं आणि कैऱ्या फोडायचा अडकित्ता. सोमी तलासरीहून आमच्याकडे मजुरीला आली आणि राहिली. पापड वाळत घातले की कावळ्यांना ती ज्या शिव्या देते त्या मला या वयातही नव्या वाटतात. तिलाच साक्षीला घेणार होते, पण वकील म्हणाले ज्याला काही द्यायचं त्याला साक्षीदार करू नये.

कलम ५. म्हणून साक्षीला शेजारचा सदू पाटील, कारण त्याला मी काहीही देत नाही. त्याच्या कोंबड्यांनी माझ्या वालपापडीच्या वाफ्यात आजवर जे खाल्लं तोच त्याचा हिस्सा समजावा. दुसरी साक्षीदार माझी मैत्रीण जिजा. मी तिला लोणचं देते, ती मला सुके बोंबील देते, हा आमचा व्यवहार लग्नाआधीपासूनचा. जिजाच्या जुडीत मधले दोन बोंबील नेहमी ओलसर निघतात. ती म्हणते समुद्राची हवा. मी म्हणते जिजाची हवा.

कलम ६. घर आणि वाडी. चिकू, नारळ, विहीर, भाजीचे वाफे, सगळं.

(हे कलम मोकळं सोडून मी पुढे जाते. सांगते का ते.)

वाढवणला बंदर होणार म्हणतात. ते होईल तेव्हा होईल, पण एक दलाल पांढरे बूट घालून आमच्या वाडीत आतापासूनच यायला लागला आहे. येतो, माझ्या चिकूखाली उभा राहून माझाच चिकू खातो आणि नविनला भाव सांगतो. नविन म्हणतो, "आई, तुझ्यानंतर हे बघणार कोण? मी कंपनीत. रिया परत येणार नाही. विकू, वापीला चांगला फ्लॅट घेऊ." त्याचं अगदीच खोटं आहे असं मी म्हणत नाही. वाडी कागदावर राहत नाही, ती कुणाच्या तरी हातात राहते. तो हात एकच असू शकतो, शितलचा. आणि शितल काही बोलत नाही. नवरा विकायचं बोलला की ती ताटं उचलते. तिला वाडी हवी आहे की नको, एवढंच मला मरायच्या आत कळायला हवं आहे. विचारायला माझी जीभ वळत नाही. सासू आहे मी.

कलम ७. माळ्यावरचा पेटारा. यात कोनफळाचं बियाणं राखेत पुरून ठेवलेलं असतं. हे बियाणं माझ्या सासूबाईंनी उधवा गावच्या सुकी नावाच्या बाईकडून आणलेलं, आतपर्यंत जांभळं, शिजलं की लोण्यासारखं. आमच्या घरची रीत अशी की बियाण्याला मालकिणीचाच हात. सासू आहे तोवर सुनेने शिवायचं नाही. सासूबाई नव्वदीपर्यंत जगल्या, तरी मी शिवले नाही.

शितल लग्न होऊन आली ती डहाणू रोडला स्टेशनाजवळच्या बिल्डिंगमधून. रिक्षाने गेलं तर चहा गार व्हायच्या आत पोचतो, पण तिथली माणसं भाजी पिशवीत उगवते असं समजतात. पहिल्याच भोगीला ती म्हणाली, "आई, आज उकडहंडी मी करते." केली. मडक्यात पापडी, रताळी, शेंगा, कोनफळ, सगळं बेताचं. पाहुण्यांनी बोटं चाटली. मीसुद्धा दुसऱ्यांदा वाढून घेतलं. मग विचारलं, "एवढी सुरेख कोनफळं कुठनं आणलीस गं?"

"माळ्यावर होती ना, राखेत. कुणीतरी ठेवून विसरलं होतं वाटतं."

घास माझ्या तोंडातच राहिला. सासूबाईंचं सगळं बियाणं आम्ही पाहुण्यांसकट खाल्लं होतं! त्या दिवसापासून पेटाऱ्याला कुलूप लागलं, किल्ली माझ्या कमरेला गेली आणि सुनेला नाव पडलं, बियाणंखाऊ.

आता गंमत ऐका. ही साल काढते ती अशी जाड की भाजी कुठली आणि साल कुठली कळू नये. कोंब फुटतो त्या वरच्या डोक्याकडचा तर मूठभर तुकडा उडवते. ते सगळं त्या भोगीला उकिरड्यावर गेलं होतं. पावसाळ्यात उकिरड्यावर वेल चढला, पानं बघितली तर कोनफळाचा! बियाणं वाचलं. आळीतल्या बायका म्हणाल्या, सुनेमुळे वाचलं. मी म्हणाले, पुण्य उकिरड्याचं. आजवर तेच म्हणत आले आहे.

यंदा मी चैत्रात पडले. लावणीचे दिवस आले, अक्षय्य तृतीया गेली, मी पुढच्या खोलीत खाटेवर. शितलने माझं सगळं केलं, अंग पुसलं, औषधं दिली, माझी बोलणी खाल्ली. पण किल्ली मागितली नाही. रोज वाट पाहिली मी. एकदा म्हणेल, आई, द्या किल्ली, लावते मी. मागितली असती तर आधी चार शब्द सुनावले असते, पण दिली असती. नाही मागितली. बियाणं आत सुकून गेलं असणार. मला फार वाईट वाटलं, ते इथे लिहून ठेवते. तिचं उत्तर मला त्यात मिळालं. तरी पेटारा रिकामा करून सोमीला तांदूळ ठेवायला द्यावा आणि किल्ली माझ्याबरोबर चितेवर ठेवावी. आणि कलम ६ मध्ये आता मी लिहिते की घर आणि वाडी

इथे लिहिणं थांबलं. साक्षीदार आले. पुढचं संध्याकाळी लिहिते आहे.

सदू पुढच्या दाराने आला. जिजा तिच्या सवयीप्रमाणे मागच्या दाराने आली आणि टोपली टेकायच्या आत म्हणाली, "अगो कुसुम, पानं पिवळी पडली की. कोनफळं काढायची नाहीत काय यंदा?"

"कसली कोनफळं? लावलीच नाहीत यंदा."

"मग गोठ्यामागे मांडवावर चढलीये ती कोण, माझी सासू?"

वॉकर घेतला आणि निघाले. पडल्यापासून ओटीच्या पुढे पाऊल टाकलं नव्हतं. शितल "आई, आई" करत मागे, हाताला तिळाचं कूट. गोठ्यामागे बघते तर मांडव. सरळ ओळीत वेल, बुंध्याशी राख, आणि भोवती काटेरी कुंपण. कुंपण कशासाठी ते सदूने विचारलं नाही.

मी म्हटलं, "हे कुठनं आलं?"

"सालीतून."

"कसल्या सालीतून?"

"उकडहंडी करते त्या. दर वर्षी डोकी बाजूला काढून राखेत ठेवते मी, गोठ्यात. तुमचं बियाणं कधी किडलं-बिडलं तर असावं म्हणून. यंदा लावली." मग म्हणाली, "पेटाऱ्याला हात लावायचा नाही म्हणालात. सालीबद्दल काही बोलला नव्हतात."

"आणि मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही म्हणाला असता, पुण्य उकिरड्याचं."

जिजा हसली. सदू हसला, त्याने हसायचं काही कारण नव्हतं. मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही. मग विचारलंच, "शितल, वाडी विकायची का गं?"

ती म्हणाली, "विकली तर साली कुठे टाकू?"

नविन कामावरून येऊन मागे उभा होता, बूटही काढले नव्हते. त्याने वाकून एका बुंध्याची राख बोटाने उकरली. मग म्हणाला, "पहार आणू का?" म्हटलं, आण. पहिल्याच दणक्याला त्याने एक कोनफळ मधोमध फोडलं. वापीला हे शिकवत नाहीत. पण आत जांभळं होतं, अगदी सासूबाईंचं.

कलम ६, पूर्ण. घर आणि वाडी, विहिरीसह आणि उकिरड्यासह, माझी सून शितल नविन सावे हिला, एकटीच्या मालकीने. अट घालत नाही. जिने कुणी न सांगता एवढी वर्षं राखलं, तिला मी कसली अट घालू? नविनला या घरात कायम राहण्याचा आणि बायकोच्या हातची उकडहंडी खाण्याचा हक्क आहे. दलालाला चिकू खाण्याचा हक्क नाही.

उकिरड्याला दिलेलं पुण्य मी मागे घेत नाही. निम्मं करते.

कलम ७ रद्द. पेटारा शितलचा. किल्ली चितेवर जायची होती, ती आज दोन्ही साक्षीदारांसमोर माझ्या हाताने कमरेची सोडून शितलच्या हातात दिली आहे. सासू जिवंत असताना सुनेने बियाण्याला शिवू नये ही रीत मी मोडली. सासूबाईंची समजूत मी घालीन, भेट काही फार लांब नाही.

किल्ली पदराला बांधताना ती म्हणाली, "आई, एक आत्ताच सांगून ठेवते. साल मी जाडच काढणार."

मी म्हटलं, "काढ."

(सही) कुसुमबाई हरेश्वर सावे

कुसुमबाईंनी वरील सर्व आमच्यादेखत वाचून दाखवलं, आमच्यासमोर सही केली, आणि आम्ही त्यांच्यासमोर केली.

साक्षीदार १: (सही) सदानंद पाटील. कोंबड्यांचा मजकूर मान्य नाही, बाकी बरोबर.

साक्षीदार २: (सही) जिजा माच्छी. बोंबील या खेपेला कोरडे आहेत, बघून घ्यावेत.

ठिकाण: नरपड, सावे यांची वाडी, गोठ्यामागे
दिनांक: १३ जानेवारी २०२६, भोगी. मडकं चुलीवर आहे.