आईचा चौकोनी मॉनिटर

सोमवार, २ मार्च

‘यंत्र कधी चुकत नाही, चुकतो तो समोर बसलेला.’

आई हे म्हणाली तेव्हा मी तेरा वर्षांची होते. तिच्याच टायपिंगच्या क्लासात, सगळ्या मुलींसमोर! आज आठवलं, कारण नवा कॉम्प्युटर आला. तिच्या क्लासातला जुना चौकोनी मॉनिटर त्याला जोडला, बटण दाबलं — आणि काळ्या पडद्यावर एक छोटी चौकट इकडून तिकडे फिरायला लागली. ‘सिग्नल मर्यादेबाहेर’. बस्स, एवढंच. पुढे काय करायचं ते नाही. रुसलेल्या जावयासारखी नुसती येरझारा.

धाकट्या भावाला फोन केला.

‘ताई, नवा कॉम्प्युटर मोठं, रुंद चित्र पाठवतोय. त्या म्हाताऱ्याला झेपत नाही ते. नवा मॉनिटर घे.’

‘चांगला चालतोय तो!’

‘चालत नाहीये म्हणूनच फोन केलास ना?’ आणि लगेच, ‘आईचं सामान बांधायला घेतलंस का?’

आई बावीस तारखेला त्याच्याकडे जाणार. कायमची. त्याच्या नव्या घरात तळमजल्यावर तिची खोली आहे, समोर झाडं. तिनेच होकार दिलाय. मी तेव्हा ‘छानच की’ म्हटलं होतं. आजही तेच म्हटलं.

मंगळवार, ३ मार्च

दुरुस्तीवाला आला. मॉनिटरच्या पाठीला निळी, दोन स्क्रूंची पिन; नव्या कॉम्प्युटरला तसलं भोकच नाही. मध्ये लावायला मी एक छोटी डबी आणली होती, ती त्याने बदलली. मग स्वतःचा मॉनिटर लावून चित्राचं माप कमी केलं, आणि पुन्हा आमचा जोडला. पडदा उजळला! पण सगळं ताणलेलं. धाकट्याच्या लग्नाचा फोटो उघडला तर नवरा-नवरी दोघं खांबासारखी उंच.

‘याचं माप पाचास चार, मॅडम. आपण रुंद चित्र कोंबतोय.’ यादीतून बाराशे ऐंशी गुणिले एक हजार चोवीस निवडलं. काळोख. दोघंही श्वास रोखून. ‘हे ठेवायचं का?’ अशी चौकट आली. पंधरा सेकंदांत हो म्हटलं नाही तर यंत्र आपलं आपण मागे फिरतं. मला ते फार आवडलं. माणसांतही अशी सोय हवी होती.

जाताना म्हणाला, ‘आता चकाचक. पण खरं सांगू? फेका हा.’

‘फेका म्हणे!’ आई आतून. ‘तुझी डबी फेक आधी.’

बुधवार, ४ मार्च

चकाचक कुठलं? मला तर अक्षरं पाण्यातून बघितल्यासारखी दिसतात. मॉनिटरचं ‘ऑटो’ बटण दाबून दाबून अंगठा दुखला.

शुक्रवार, ६ मार्च

अजब! सकाळी चालू केलं तर अक्षरं ही एवढाली — लहान मुलांच्या पाटीवरची. माप आपोआप आठशे गुणिले सहाशे! पानाचा वरचा एक तुकडाच दिसतो. पुन्हा मोठं माप लावलं. दुपारी बाजारातून आले तर पुन्हा आठशे.

धाकटा म्हणतो, आतला ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम बिघडलाय. दुरुस्तीवाला फोनवर म्हणतो केबल. आई म्हणते, ‘असू दे की. वाचता येतंय ना?’

सोमवार, ९ मार्च

प्रकाशकांचा फोन. मुलांच्या पुस्तकाची प्रुफं मी तपासून दिली, त्यात अनुस्वार सुटलेत. एक-दोन नाही, ढीगभर! ‘तुमच्याकडून असं कधी होत नाही, बाई.’ मी म्हटलं, मॉनिटर खराब आहे. ते म्हणाले, मग बदला. सगळं जग त्या बिचाऱ्या चौकोनाच्या मुळावर उठलंय.

नवी केबल आणली. जैसे थे.

बुधवार, ११ मार्च

चोर सापडला.

पिशवी विसरले म्हणून अर्ध्या जिन्यातून परत आले. आई माझ्या खुर्चीत. पाठ ताठ, मनगटं उचललेली, नजर खिडकीबाहेर. पडद्याकडे बघतही नव्हती! बोटं मात्र चाललेली — टॅब, टॅब, बाण खाली, एंटर. माउसला हात नाही. माउस म्हणजे तिच्या मते आळशांचं खेळणं. तिने अख्खी पिढी न बघता टाइप करायला शिकवली. तिला बटणांचे रस्ते पाठ.

पडदा मिचकला. अक्षरं मोठी झाली.

मी तशीच पाऊल न वाजवता खाली गेले. भाजीवाल्यासमोर उभी राहिले आणि मग उलगडलं. तिला दिसत नाहीये! मोठं केल्याशिवाय वाचता येत नसणार. मोतीबिंदूचं ऑपरेशन फसलं असणार. आणि न बघता टाइप करते म्हणून आजवर कुणाला कळलंच नाही. मलासुद्धा!

गुरुवार, १२ मार्च

एक गोष्ट फक्त इथे लिहिते. काल ते कळल्यावर आधी भीती वाटली, आणि तिच्या मागोमाग — आनंद झाला. डोळे अधू असताना अनोळखी घरात कशी जाईल ती? इथलं तिला सगळं हाताखालचं आहे. एकदा धाकट्याला हे सांगितलं, की जाणं रद्दच होईल. शी! आईला दिसत नाही म्हणून लेकीला आनंद!

तरी झाला.

शनिवार, १४ मार्च

घरातल्या घरात परीक्षा घेतली, तिला कळू न देता.

‘आई, घड्याळात किती वाजले गं?’

‘तुझ्या मनगटावर काय आहे, बांगडी?’

‘त्या वरच्या डब्यावर काय लिहिलंय?’

‘मीठ. आत साखर आहे. गेली कित्येक वर्षं.’

‘समोरच्या गच्चीवर कोण आहे?’

‘तुला काय करायचंय? कुणी का असेना.’

निकाल राखून ठेवला. पण मला वाटतं, ती टाळतेय.

मंगळवार, १७ मार्च

सरळ ‘डोळे दाखव’ म्हटलं असतं तर अंगावर आली असती. म्हणून थाप मारली — ‘मला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचंय, सोबत येतेस?’ माझ्याआधी चपला घालून दारात उभी!

डॉक्टरीणबाईंच्या कानात मी कुजबुजले, ‘खरं म्हणजे आईचे बघा. तिला कळू देऊ नका.’ त्या हसल्या. आईला बसवलं. आईने तक्ता वरून खालपर्यंत घडाघडा वाचला, शेवटची मुंगीएवढी ओळसुद्धा. वर, ‘खाली कोपऱ्यात छापखान्याचं नाव आहे, तेही वाचू?’

‘मोतीबिंदूचं ऑपरेशन छान झालंय तुमचं,’ बाई म्हणाल्या. ‘आता लेकीला बसू दे.’

मी बसले. तिसरी ओळ बरी होती. चौथीत मी अंदाज बांधायला लागले. मग जवळचं वाचायला एक कार्ड हातात दिलं. मी ते लांब धरलं. आणखी लांब. ‘हात पुरेनात वाटतं,’ आई मागून म्हणाली.

जवळचा नंबर, लांबचाही नंबर. ‘हे काही वर्षांपासूनचं असणार. कसं काढलंत इतके दिवस?’

परत येताना आई मजेत.

‘पडद्याला नाक लावून बसतेस. मागून बघणाऱ्याला वाटेल, त्याचा वास घेतेय. म्हणून करत होते अक्षरं मोठी.’

‘मग सांगायचं होतंस!’

‘गेल्या वर्षी सांगितलं. म्हणालीस, चष्मा म्हाताऱ्यांना लागतो. माझ्याकडे बघून म्हणालीस. मग दोन दिवस तोंड फुगवून बसलीस.’

मला हसू फुटलं. रस्त्यात उभ्या राहून दोघी हसलो, एका सायकलवाल्याला वळसा घालून जावं लागलं. मग ती एकदम म्हणाली, ‘मी गेल्यावर कोण करणार होतं मोठी? म्हणून म्हटलं, जायच्या आधी चष्म्याचं तेवढं उरकावं. बरं झालं, तूच थाप मारलीस.’

माझं हसू तिथेच संपलं. ती पुढे चालत राहिली.

शुक्रवार, २० मार्च

चष्मा आला. पडद्यावर एकेक टिंब दिसतंय. मॉनिटरला काहीच झालेलं नव्हतं. आता तिला थांबवायला माझ्याकडे कारण उरलेलं नाही — ना तिचे डोळे, ना काही. आत ती बॅग भरतेय. उठते, आणि जाऊन म्हणते — आई, नको ना जाऊस. मला तू लागतेस. ती ‘नाही’च म्हणणार. तरी म्हणते.