हारातला दोरा

बाई, मी तिसरीत असताना तुम्ही गेलात. त्या दिवशी शाळा लवकर सुटली आणि आम्ही अंधार पडेपर्यंत मैदानात क्रिकेट खेळलो. आता दर शनिवारी मी त्याच शाळेत जातो, तुमच्याच बालवाडीच्या खोलीत, आणि पोरांना ओला कचरा, सुका कचरा शिकवतो. हसू नका. कॉलेज मी अर्ध्यात सोडलंय. वर्गातल्या एका मुलीने मला नाही म्हटलं, त्याच दिवशी कशावरून तरी सरांशी वाजलं, मी बेंचला लाथ घातली, बाहेर पडलो आणि परत गेलोच नाही. आता मखमलाबादच्या मळ्यात झेंडू तोडतो, सकाळी फूलबाजारात नेतो. शाळेच्या मोठ्या मॅडम आमच्याकडे फुलं घ्यायला आल्या होत्या, तेव्हा वडीलच त्यांना म्हणाले, "न्या याला शाळेत. घरात कोनाशी बोलत नाय, अन् बोलला की भांडन." आई विचारते, बरं वाटतं का रे तिथे? मला काहीच वाटत नाही. शनिवार येतो, मी जातो.

तुमचा एक दिवस मात्र लख्ख आठवतो. दसऱ्यानंतर दाराची तोरणं उतरवून मी शाळेत आणली होती. आपल्या खताच्या खड्ड्यासाठी फुलं आणा, असं तुम्हीच सांगितलेलं. मी सगळा गुंताच्या गुंता खड्ड्यात टाकला आणि ऐटीत उभा राहिलो. तुम्ही पदर खोचून खाली वाकता, काठीने तो गुंता वर काढता, वर्तमानपत्रावर पसरता. "फुलवाल्यांचा ना रे तू? मग हा नायलॉनचा दोरा कोण खाणार? गांडूळ? शेवया समजून गिळेल बिचारं!" सगळा वर्ग हसतो. मला इतका राग येतो की मी तुमच्या काठीवर पाय देतो. तुम्ही ओरडत नाही. माझ्या शेजारी फतकल मारून बसता आणि एकेक फूल सोडवायला लागता. आमच्या घरी आजही हार उतरवला की दोऱ्यासकट फेकतात. फुलं रोज ओवणाऱ्यांना ती सोडवायची सवयच नसते. शेवटी तो दोरा तुम्ही एका पेन्सिलीला गुंडाळून मला दिलात, पतंगाला लाव म्हणालात.

मागच्या महिन्यात मला नाही म्हणालेल्या त्या मुलीच्या साखरपुड्याच्या फुलांची ऑर्डर आमच्याकडेच आली. तिच्या मामांना काय माहीत. मीच टेम्पोतून फुलं पोचवली, मीच स्टेजवर लावली. ती समोर आली नाही आणि मी पाहिलंही नाही. कार्यक्रम संपल्यावर हॉलवाला म्हणाला, "भाऊ, हा कचरा उचला लवकर, दुसरी पार्टी येतीये." मी सगळे हार गोणीत भरले. फेकायचे कुठे, म्हणून शनिवारी शाळेत नेले. पोरांना गोल बसवलं आणि तुमच्यासारखं सांगितलं, फूल हिरव्या बादलीत, दोरा निळ्या बादलीत. छान चाललं होतं. मग एका चिमुरडीने हार स्वतःच्या गळ्यात घातला, दुसरा शेजारच्या पोराच्या गळ्यात, आणि सगळी ओरडली, "लग्न! लग्न! दादा, अक्षता टाक!" मी उठलो आणि तिच्या गळ्यातला हार हिसकला. दोरा तुटला नाही. तिच्या मानेवर लाल रेघ उठली. ती रडलीसुद्धा नाही, नुसती बघत राहिली.

मॅडमनी मला बाहेर बोलावलं. म्हणाल्या, "तिच्या आईला तू सांगायचंस, मी नाही. आणि पुन्हा एकदा जरी असं झालं, तर तुला फाटक बंद." मी सांगितलं. तिच्या आईने पोरीची मान उजेडात धरून नीट पाहिली आणि म्हणाली, "ध्यान ठेव रे भाऊ, लहान हायेत." एवढंच. घरी आलो, जेवलो, झोपलो. कॉलेज सुटलं, ती सुटली. शनिवारही सुटला तर मळ्याच्या बाहेर पडायला मला काही कारणच राहणार नव्हतं, हे कळत होतं. पण रडू येईल, निदान छातीत काही होईल, तसं काही झालं नाही.

पुढच्या शनिवारी गेलो. ती चिमुरडी दारातच उभी.

"दादा, तू आज ओरडणारेस?"

"नाही."

"ओरडणार असशील तर आधी सांग. आम्ही कान बंद करू."

बरं म्हटलं. तेव्हापासून तसंच ठरलंय. काल कुणीतरी भाजीच्या देठांत वेफर्सची पाकिटं कालवली. माझं डोकं तापलं. मी म्हटलं, कान बंद. सगळ्यांनी बोटं घातली, डोळेही मिटून घेतले. आणि मला ओरडायला काही सुचेना.

हे तुम्हाला पोचणार नाही म्हणूनच लिहितोय, बाई. घरात कुणाला सांगता येणार नाही. त्या सगळ्यांचे कान बंद होते तेवढ्यात मी तिचं, कॉलेजातल्या त्या मुलीचं, नाव घेतलं. एकदाच, मोठ्याने. मग पोरांना म्हटलं, झालं, उघडा.