तीन डाव्या बाजू

मी, वय वर्षे बहात्तर, रुग्णालयाच्या औषधविभागाची निवृत्त प्रमुख, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. आज माझे डोके ठिकाणावर आहे. उद्याचे लिहून देता येत नाही, म्हणून ही घाई.

१. राहते घर मी स्वकष्टाने घेतले आहे. माझ्या पश्चात ते माझ्या विधवा नणंदेच्या, म्हणजे वन्संच्या, ताब्यात त्यांच्या हयातीपर्यंत राहील, नंतर मुलाचे. वन्सं आहेत तोवर घर विकण्याचा, किंवा त्यांना "चार दिवस हवापालट" म्हणून कुठे नेऊन सोडण्याचा अधिकार मुलाला नाही. हा विषय त्याने माझ्यापुढे दोनदा काढला आहे. वन्संना दुसरे छप्पर नाही.

२. मुलगा म्हणेल, "आईला भ्रम झाला होता." त्याच्या हाती पुरावा लागण्याआधी तो मीच नोंदवते.

साठीला रक्तदाब वाढला तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गोळ्या देते, पण जरा दमानं घ्या. हाताला काहीतरी संथ काम द्या." संथ हा शब्द मला शिवीसारखा लागला. वन्संनी माझ्या हातात सुया आणि लोकर दिली. "एक सुलट, एक उलट. वहिनी, कसली घाई? गाडी चुकतेय का?" पहिला मफलर सुंभासारखा कडक झाला. पुढे हात सैलावला. टाके मोजता मोजता श्वास खाली बसू लागला. दुपारचा तो तास मला झोपेहून गोड झाला.

गेल्या महिन्यात कपाटात मुलाच्या पुढून उघड्या स्वेटरचे विणलेले भाग सापडले. पाठ एक. पुढची डावी बाजू तीन वेळा, उजवी एकदाही नाही. तिन्ही माझ्या हातच्या. दुसरी आणि तिसरी विणल्याचे मला आठवत नाही.

वन्संना विचारले. त्यांनी हातातली लोकर गुंडाळून बाजूला ठेवली.

"वर्ष झालं, वहिनी. तुम्ही आंघोळीला गेलात की मी चुकलेलं उसवून नीट करते. कपाटातलं नजरेतून सुटलं."

"मला सांगायला तोंड नव्हतं तुम्हाला?"

"सुया धरल्या की तुमच्या कपाळावरची आठी जाते. ती परत आणू?"

मी त्यांना नाही नाही ते बोलले. खरे म्हणजे मी भ्याले होते. अजून भिते. हल्ली विसाव्या टाक्याला श्वास वर अडकतो: हा विसावा, की तो होऊन गेला?

३. डॉक्टरीणबाईंनी मला दोनदा तपासून दाखला दिला आहे: विसर सुरू झाला आहे, पण काय कोणाला आणि का देते, हे मला पुरते समजते. दाखला आणि ते तिन्ही भाग सोबत जोडले आहेत. औषधातली चूक लपवणाऱ्यांना मी कधी पाठीशी घातले नाही. स्वतःला सूट नाही.

४. बांगड्या सुनेला. ती मला मागून "तुरुंगाधिकारी" म्हणते. ऐकू मला अजून नीट येते. तरी देते.

५. हे कलम मरणाआधीचे आहे. कायद्यात बसत नसेल तर विनंती समजावी. मी माणसे ओळखेनाशी झाले तरी माझ्या सुया काढून घेऊ नयेत. बोथट टोकाच्या द्याव्यात. चुकलेले वन्संनी खुशाल उसवावे. मला सांगू नये.

वन्संना घर मिळणार असल्याने त्या साक्षीदार नाहीत. त्यांना स्वयंपाकघरात बसवले आहे.

साक्षीदार:
१. डॉक्टरीणबाई (सही)
२. खालच्या मजल्यावरचे शिंपी (सही)

लिहून देणार: (सही)
ठिकाण: राहते घर, जेवणाचे टेबल
दिनांक: १४ नोव्हेंबर, वार गुरुवार (खोडले) शुक्रवार

वाराची दुरुस्ती लिहून देणाऱ्या बाईंनी आमच्यासमोर, कोणी न सुचवता, जरा वेळ घेऊन स्वतः केली. — साक्षीदार १ व २