दंडातलं बांधकाम

प्रिय कात्री,

अक्षर बघून हसू नकोस, डाव्या हाताने लिहितेय. पार्लरमध्ये माझी खुर्ची अजून रिकामी ठेवलीयस म्हणे. वेडीच आहेस. कुणाला तरी उभं कर तिथे. गिऱ्हाईक काय आपल्यासाठी थांबतं?

स्कूटरवरून पडले तेव्हा मानेतून हातात उतरणाऱ्या नसा तुटल्या, हे तुला माहीतच आहे. तेव्हापासून उजवा हात खांद्याला अडकवलेल्या पिशवीसारखा लोंबतो. दंड पार वाळला. मला वाटायचं, नस गेली म्हणजे स्नायूने कामच टाकलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तसं नाही. प्रथिनं बनवणं आधी मंदावतं, पुढे उलट वाढतंसुद्धा; पण मोडणं त्याहून जोरात चालतं, म्हणून बांधलेलं टिकत नाही. दुसरी नस वेळेत जोडली तर दंड सावरेल. फार उशीर झाला, तर नस पोचेल, पण हलवायला स्नायूच उरणार नाही.

घरी सगळे फार चांगले वागतात गं, तीच तर पंचाईत आहे. सासूबाई घास भरवतात. हे माझे केस विंचरतात, भांग वाकडा पाडतात, आणि जन्मभर दुसऱ्यांचे भांग पाडलेली मी गप्प बसते. स्कूटर हेच चालवत होते ना. दाराला कुणी कडी लावत नाही, तरी उंबरठ्याशी गेले की दोघं एकदमच विचारतात, "काय हवंय? आम्ही आणतो की." ऑपरेशनचं नाव काढलं की हे म्हणतात, "मी आहे ना, तुला हात कशाला लागतो?"

तारीख ठरली होती, पण पुढे कुणी काही बोलेना. शेवटी काल मीच दवाखान्यात फोन केला. तिथली मुलगी म्हणाली, "ती तर तुमच्या मिस्टरांनी रद्द केली. पेशंट घाबरलीय म्हणाले." घाबरलेत ते, कात्री. मी ऑपरेशनच्या टेबलावरच गेले तर, म्हणून. टीव्ही बघताना माझा तोच हात हातात घेऊन बसतात. मला जाणवत नाही, नुसतं दिसतं.

मी नवी तारीख घेतलीय, येत्या गुरुवारची. सोबत कुणीतरी लागतं. सकाळी गाडी घेऊन ये. मागच्या दाराने नको, बेल वाजव. मला ह्यांच्यासमोरूनच निघायचंय. त्यांनी अडवलं तर तू भांडू नकोस. माझ्या बुटांच्या नाड्या तेवढ्या बांधून दे. बोलेन मी.

तुझीच, गुरुवारी तुझ्याच भरवशावर असलेली,
टकळी