परसातल्या वाटेची मोजदाद

प्रिय ताई,

धाकटीचा वाकून नमस्कार. (गुडघा परवानगी देतो तेवढंच वाकून. उरलेलं मनाने.)

रविवारी संध्याकाळी आपण दोघी मागच्या पायरीवर बसून शाळेचे कॅनव्हासचे बूट पांढरे करायचो, आठवतं? तू आधी माझे करायचीस आणि मग तुझे. माझे होईपर्यंत पांढरं संपत यायचं, मग तू उरलेल्यात पाणी घालायचीस, आणि सोमवारी प्रार्थनेच्या रांगेत तुझे बूट आजारी माणसासारखे फिकट दिसायचे. सिस्टर तुला सगळ्यांसमोर बोलायच्या. तू "संपलं होतं, सिस्टर" एवढंच म्हणायचीस. कुणी संपवलं ते कधी सांगितलं नाहीस. मागच्या आठवड्यात तुझ्या घरी, मागच्या पायरीवर बसून चिखलाचे बूट घासताना हे एकदम आठवलं, आणि ब्रश हातात तसाच राहिला.

डोळा कसा आहे? पट्टी सुटली का? औषधाचे थेंब घालताना तू डोळा गच्च मिटून घेतेस आणि थेंब गालावर ओघळले की "गेले आत" म्हणतेस, हे मी इथे बसूनही पाहू शकते. वाचायची परवानगी अजून मिळाली नसेल, म्हणजे हे पत्र तुझी सूनबाईच वाचून दाखवणार. सूनबाई, तुला अनेक आशीर्वाद. कंस आले की जरा थांबत जा, ताईंना हसायला वेळ लागतो. आणि शेवटचं पान निराळं घडी घालून ठेवलं आहे, ते त्यांच्या हातात दे. त्यात काही नाही. फक्त अक्षर मोठं काढलं आहे, डोळ्याला व्यायाम म्हणून.

एक आधीच सांगून टाकते. तू परसात भिंत घालणार आहेस, विटा येऊन पडल्या आहेत, तू घरी परतलीस की दुसऱ्याच सोमवारी गवंडी कामाला लागणार आहे, या विषयावर मी एक शब्दही लिहिणार नाही. फोनवर तू म्हणालीस, "भिंत माझी, परस माझं. तू तुझं शीक." तेव्हा मी माझं शिकले तेवढंच लिहिते.

शिकले म्हणजे काय, ते घरात अजून कुणाला नीटसं कळलेलं नाही. विद्यापीठाच्या दाखल्यावर अभ्यासक्रमाचं नाव "पर्यावरण रचना, ग्रामनियोजन आणि संवाद" असं आहे. मुलगा म्हणाला, "आई, तिन्ही एकात? काही सवलत चालू आहे का?" हे म्हणाले की नियोजन शिकणारच असशील तर आधी आपल्या मोरीचा उतार कुठे गेला ते शोध. पण खरं सांगू का, मला तिसऱ्या विषयाने ओढलं. एकतीस वर्षं मी शाळेच्या ग्रंथालयात टेबलामागे बसून "शूऽऽ" म्हणत आले. निवृत्तीच्या दिवशी मुलांनी भेटकार्ड दिलं, त्यावर मोठ्या अक्षरात "शांतता" लिहिलं होतं. ती थट्टा होती, मी हसलेही, पण घरी आल्यावर वाटलं की इतक्या वर्षांत माणसांना गप्प करण्यापलीकडे आपल्याला काही आलं का. म्हणून गेले. वर्गात बाकी सगळी बावीस-तेवीसची. शिकवणाऱ्या बाई माझ्या सुनेहून लहान. पहिल्या दिवशी त्यांनी मला चुकून "मावशी" म्हटलं, मग माफी मागितली, मग पुन्हा "मावशी" म्हटलं. तेव्हापासून मी अख्ख्या विभागाची मावशी आहे. (कारकुनासकट. तो माझ्याहून मोठा आहे.)

आमचं प्रात्यक्षिक तुझ्या गावात घ्यायचं मीच सुचवलं, कारण तू शस्त्रक्रियेसाठी मुलाकडे जाणार होतीस आणि घर मोकळं होतं. गावाची पाहणी करायची, नकाशा काढायचा आणि कोणती वाट आधी सुधारावी ते सांगायचं, असं काम होतं. नऊ दिवस मी आणि तीन मुली तुझ्या घरात राहिलो. कबुलीजबाब थोडक्यात देते: निळ्या कपाचा कान गेला (चिकटवला आहे, पण त्यातून गरम काही पिऊ नकोस), आणि कपाटाचा खालचा खण आता उघडतो पण बंद होत नाही. पूर्वी बंद व्हायचा पण उघडायचा नाही, तेव्हा हिशोब बरोबरीत आहे. यातली एक मुलगी घरातसुद्धा टोपी घालून बसते. तिला आम्ही टोपीच म्हणतो. अतिशय हुशार, आणि तुझ्या भिंतीवरच्या फोटोला सुद्धा घाबरायची.

आता खरी फजिती. बाईंचं म्हणणं असं की कागदावरचे रस्ते खोटे असतात, माणसं चालतात ती वाट खरी. म्हणून प्रत्येकीने एकेका ठिकाणी सकाळी सहा ते संध्याकाळी सहा बसायचं आणि समोरून जो जाईल त्याची रेघ ओढायची. सोबत शेऱ्याचा रकाना. नियम एकच: ओळखीचा-अनोळखी असा भेद करायचा नाही, जो गेला तो मोजायचा. ताई, कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या बाईच्या हातात नियम देऊ नये. पहिले चार दिवस मी तुझ्या फाटकाशी बसले आणि टोपी बसथांब्याजवळच्या चहाच्या टपरीशी. टोपी तासाभराने माझ्याकडे पाणी प्यायला यायची, मी तासाभराने तिच्याकडे चहा प्यायला जायची, आणि बाकीच्या दोघी आपापल्या जागा सोडून आमच्यामध्ये पेन्सिली, छत्र्या आणि निरोप घेऊन पळत असायच्या. नकाशा झाला तेव्हा तुझ्या फाटकापासून टपरीपर्यंतची वाट गावात सगळ्यांत वर्दळीची निघाली. टोपीने तिला बोटभर जाड लाल रंग दिला. फरशी, तीन दिवे आणि सावलीत एक बाक, अशी शिफारसही लिहून झाली.

बाई पाहणीला आल्या. त्यांनी लाल रेघ पाहिली, आमचे कागद मागितले आणि बराच वेळ शेऱ्यांचा रकाना वाचत राहिल्या. मग म्हणाल्या, "या गावात टोप्यांची फॅशन आहे का?" माझ्या सुवाच्य अक्षरात अठ्ठेचाळीस वेळा लिहिलं होतं: टोपी घातलेली मुलगी, घाईत. आणि टोपीच्या कागदावर तितक्याच वेळा: वयस्कर बाई, चष्मा, गुडघा दुखत असावा, चहासाठी. आम्ही चार दिवस एकमेकींना मोजत होतो. गावाच्या विकासाचा पहिला बाक आमच्या बुडाखाली येणार होता. (बाई हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं.)

मग आम्ही स्वतःला वजा केलं. ते काम वाटतं तितकं सोपं नसतं. प्रत्येक रेघ खोडताना आपण किती फिरलो आणि किती थोडं पाहिलं ते कळतं. लाल वाट सुताइतकी बारीक झाली. पुढचे चार दिवस बाईंनी सगळ्यांच्या जागा बदलल्या आणि चहा बंद केला. मला घरातच, तुझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत बसवलं. ही खिडकी परसाकडे उघडते, आणि परसातून वरच्या आळीची माणसं शाळेकडे आणि टाकीकडे जातात, हे तुला मी काय सांगणार. दिवसाला एकेचाळीस माणसं. यात आमच्यापैकी एकही नाही, कारण ताईंच्या परसात कुणी पाऊल ठेवायचं नाही, असा माझा पहिल्या दिवसापासूनचा हुकूम होता.

बाईंनी सांगितलं होतं की नुसतं मोजू नका, काय बोलतात तेही लिहा. तेव्हा तुझ्या खिडकीचं चार दिवसांचं बोलणं माझ्या वहीत आहे. गंमत म्हणजे कुणी खिडकीकडे बघून बोलत नाही. चालता चालता बोलतात, जणू खिडकीला बोलण्याची सवय आहे. "ताई, आज पाणी अर्धा तासच, भरून घ्या." "दोरीवरची चादर पडली होती, घडी करून पायरीवर ठेवली हो." "इतके दिवस खिडकी बंद? सांगून जायची पद्धत आहे की नाही?" शेवटच्या दिवशी एक शाळकरी मुलगी थांबून सातचा पाढा म्हणाली आणि सात आठेला अडली. मी छप्पन्न म्हणून टाकलं. तर मला म्हणते, "तुम्ही सांगायचं नसतं. त्या पहिल्यापासून म्हणायला लावतात." ताई, तू पाढे घेतेस हे मला माहीतच नव्हतं.

आपल्या दोघींचा आवाज सारखा, म्हणून पहिल्या सकाळी मी तुझ्याच आवाजात सगळ्यांना "हो, हो" करत होते. सगळे फसले, एक सोडून. पाणी सोडायला टाकीवर जाणारा तो गृहस्थ, ज्याला सहाच्या पाण्यासाठी रोज सव्वासहाला निघतो म्हणून सारं गाव सव्वासहा म्हणतं, तो दोन पावलं पुढे जाऊन थांबला. म्हणाला, "तुम्ही ताई नव्हे. ताई आधी 'उशीर केलास' म्हणतात, मग बाकीचं." नंतरचे तीन दिवस तो रोज दोन मिनिटं थांबायचा. त्याने मला एक गोष्ट सांगितली, पण ती इथे नको. सूनबाई, इथे पत्र संपलं. डोळ्याला जप म्हणावं, खणाबद्दल रागावू नकोस म्हणावं.

तुझी,
धाकटी

ता. क. (हे तूच वाच, एका डोळ्याने का होईना. अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे.) मार्च महिन्यात, तू आम्हाला सांगितलंस तसा, तुझा पाय मुरगळला नव्हता. तू परसातल्या धुण्याच्या दगडापाशी बादलीसकट पडलीस आणि पंचवीस मिनिटं उठता आलं नाही. सव्वासहाने तुला उचललं. त्याने चहाडी केली नाही, ताई; त्याला वाटलं आम्हाला ठाऊक असेल. तो फक्त विचारत होता की कंबर कशी आहे, कारण तेव्हापासून तो दिसला की तू मान वर करत नाहीस. "माझं काही चुकलं असेल तर सांगा," असं म्हणाला. आणि विटांची मागणी तू एप्रिलमध्ये दिलीस. मी तुला ओळखते. ज्याला रोज उशिरावरून बोलायचं, त्यानेच ओल्या कपड्यांत आपल्याला उचलावं, आणि मग रोज सकाळी त्याने खिडकीसमोरून जावं, हे तुला सोसत नाही. मला सुद्धा सोसलं नसतं. पण ती एकेचाळीस माणसं परसातून गेली नाहीत तर तू पडलेली कुणाला, कधी कळणार, हा विचार करून मला गेले आठ दिवस झोप नाही. भिंतीबद्दल एक शब्द लिहिणार नाही असं वर म्हटलं, ते खोटं होतं. पत्र त्याचसाठी लिहिलं. भिंत घालू नकोस.

ता. ता. क. गवंड्याला मी तुझ्या आवाजात फोन करून महिनाभर थांबायला सांगितलं आहे. तो म्हणाला, "थांबतो, पण ताई, आज इतक्या गोड का बोलताय?" राग आला तर त्याला स्वतः फोन कर. खरा आवाज तो लगेच ओळखेल.

शेवटचं. पाकिटात नकाशाच्या तीन प्रती आहेत. एक शाळेत दे, भिंतीवर लावतील. एक तुझी. तिसरी गवंड्याला: भिंत घालायचीच ठरवलीस तर तीन फूट जागा कुठे मोकळी सोडायची तिथे मी खूण केली आहे. नाही घातलीस तर विटा त्यालाच परत घेऊ दे. पाढ्याची वही त्या मुलीला. नवी आहे, मी आणली. आणि तुझ्या पुढच्या दाराची दुसरी किल्ली, जी तू अडीअडचणीला असावी म्हणून माझ्याकडे ठेवली होतीस, ती या पाकिटाच्या कोपऱ्यात चिकटवली आहे. मी साडेतीन तास लांब राहते. ती सव्वासहाला दे. दुसऱ्या कुणाच्या हाती पाठवू नकोस, तूच दे. मला वाईट वाटणार नाही. थोडं वाटेल, पण दे.